ही कथा आग्र्याहून औरंगाबादेस आणावी

राजघराण्यातील प्रेम आणि भावाभावांचे वैर हे दोन्ही विषय पेलणारी, शिवाय मराठवाड्यात घडणारी पोशाखी मालिका लिहायची असल्यास कोणते कथानक घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी सप्टेंबर १६५७ ते फेब्रुवारी १६५८ या काळातले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, घेईन आणि कथेच्या मध्यभागी औरंगजेबाला नव्हे, तर त्याची बेगम दिलरसबानू हिला ठेवीन.

शाहजहानच्या दारा, शुजा, औरंगजेब आणि मुराद या चार मुलांचे भांडण म्हटले की लेखक थेट दिल्ली-आग्र्याच्या दरबारात शिरतात. पण त्या वर्षी दख्खनचा सुभेदार औरंगजेब होता. विजापूरकरांकडून त्याने बीदर आणि कल्याणी हे किल्ले घेतले होते आणि तहात परांडाही मागितला होता. सप्टेंबरात शाहजहान आजारी पडला, बादशहा गेल्याच्या आवया उठल्या आणि पुढच्या काही महिन्यांत बंगालात शुजाने व गुजरातेत मुरादने स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. नेमक्या त्याच सप्टेंबरात औरंगाबादेत दिलरसबानूला अकबर हा मुलगा झाला आणि महिनाभरातच, बाळंतपणातून न सावरता, ती वारली. वीस वर्षांचा संसार आणि पाच लेकरे मागे राहिली. फेब्रुवारीत औरंगजेबाने फौजेसह उत्तरेची वाट धरली.

खरी गुंतागुंत आहे ती तिच्या माहेरी. तिचे वडील शाहनवाजखान सफवी यांची दुसरी मुलगी मुरादला दिली होती, म्हणजे औरंगजेब आणि मुराद हे भाऊ तर होतेच, साडूही होते. धर्मत आणि सामूगढच्या लढाया या साडूंनी दाराच्या बाजूच्या फौजांशी एकत्र लढल्या. मग मथुरेजवळ धाकट्याला मेजवानीला बोलावून, दारूच्या नशेत असताना थोरल्याने कैद केले आणि १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्याचा शिरच्छेद झाला. सासऱ्याने औरंगजेबाच्या बंडात सामील व्हायला नकार दिला, तेव्हा त्याला बुऱ्हाणपुरात अटकेत ठेवण्यात आले. पुढे सुटका होऊन गुजरातची सुभेदारी मिळाली, तर तो दाराला जाऊन मिळाला आणि मार्च १६५९ मध्ये अजमेरजवळ जावयाच्या फौजेशी लढताना मारला गेला. एवढे घरात असताना काल्पनिक खलनायिका कशाला हवी?

प्रेमकथेसाठी हिराबाई जैनाबादी आहेच. बुऱ्हाणपूरजवळच्या बागेत उडी मारून आंबा तोडणारी ही मुलगी पाहून औरंगजेबाची शुद्ध हरपली, तिने त्याच्या हाती मद्याचा पेला दिला, तो ओठाला लावणार तोच काढून घेतला आणि आपण केवळ प्रेमाची परीक्षा पाहत होतो असे सांगितले, अशी ती हकिकत आहे. भावांच्या वैराचा धागाही तिथेच सापडतो, कारण हे प्रकरण दाराने बापाच्या कानावर घालून 'पाहा या ढोंग्याची धार्मिकता' अशा अर्थाचे टोमणे मारले, असे तीच हकिकत म्हणते. मात्र ती ज्या 'मआसिर-उल-उमरा' या ग्रंथात येते तो सुमारे शंभर वर्षांनी लिहिला गेला. त्याचा कर्ता औरंगाबादेतच राहत होता आणि १७५८ मध्ये मारला गेला. (त्याचाही किताब शाहनवाजखान, तो आणि दिलरसचे वडील वेगळे, ही गफलत पुष्कळांची होते.) म्हणून पेल्याचा प्रसंग मी खरा म्हणून न दाखवता, कोणीतरी कोणाला रंगवून सांगत असल्यासारखा दाखवीन. हिराबाई तरुणपणीच वारली. त्या दिवशी औरंगजेब शिकारीला निघाला आणि अशा मनःस्थितीत शिकार कसली, असे सोबतच्या मीर अस्करीने विचारले, तेव्हा घरात रडून मन हलके होत नाही, एकांतात पोटभर रडता येते, अशा आशयाचा शेर त्याने म्हटला म्हणतात. हा प्रसंग मी सोडणार नाही.

पोशाखाबाबत एक कळकळीची विनंती आहे: मखमल आणि चकाकणारी कृत्रिम जर टाळा. इथल्या उन्हात पातळ मलमलीचा जामा अंगावर असे. मुसलमान तो उजव्या बगलेखाली बांधत आणि हिंदू डाव्या. रेशीम अंगाला लागू नये म्हणून वरून रेशमी आणि आतून सुती असलेला मशरू वापरत. हिमरूचे, म्हणजे इथल्या सुती-रेशमी वेलबुट्टीचे, खरे कापड ओळखायचे असेल तर ते उलटे करून पाहा. मी एकदा मागावरच्या कापडाची मागची बाजू पाहिली, तर पुढच्या नाजूक वेलबुट्टीमागे सुटे धागे नुसते लोंबत होते. कॅमेरा एकदा तरी त्या बाजूने फिरावा.

शेवटचे दृश्य चार वर्षांनंतरचे, दिलरसच्या कबरीवरच्या बीबी का मकबऱ्यात घ्या. हा मकबरा तिचा मुलगा आझमशहा याने आईसाठी बांधला असे सर्रास सांगितले जाते, परंतु १६६० च्या सुमारास आझम जेमतेम सात वर्षांचा होता, त्यामुळे हुकूम बापाचाच असावा, असे मला वाटते. ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या इमारतीत संगमरवर भिंतीच्या खालच्या भागापुरता आणि घुमटापुरता. बाकी सगळा चुन्याचा गिलावा. आत गेल्यावर कबर समोर नसते, कठड्यावरून वाकून खाली, जाळीच्या आत पाहावी लागते आणि तिच्यावर लोकांनी टाकलेली नाणी पडलेली दिसतात. कठड्याशी चार वर्षांच्या अकबराला उभे करा: हाच मुलगा १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला येणार आहे.