दिवाळीत बादलच्या पाठीवर खोगीर नको

माथेरानच्या एका वाचकानं लिहिलंय: वडिलांचे दोन घोडे, त्यावर घर चालतं. नऊ वर्षांचा बादल मे महिन्यात उतारावर घसरला. सोनोग्राफीत पुढच्या पायाचं सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे नळीच्या हाडामागचा पाय पेलणारा तंतूंचा पट्टा, अर्धवट फाटलेलं दिसलं. डॉक्टर म्हणतात नऊ महिने लागतील, पंचवीस हजार खर्च येईल. दलाल बादलचे १५,००० द्यायला तयार आहे आणि तयार घोडा १,२०,००० ला सांगतोय. पतसंस्थेत ७०,००० ची ठेव आहे. आईच्या पाटल्या गहाण ठेवून नवा घोडा घ्यावा का?

आधी सरळ हिशोब. बादलला ठेवलात तर औषधपाणी २५,००० आणि महिना ६,००० प्रमाणे जून ते फेब्रुवारी चंदी-गवत ५४,०००. एकूण ७९,०००. आता विकून ऑक्टोबरात नवा घेतलात तर वरचे १,०५,०००, पाच महिन्यांची चंदी ३०,०००, त्यातून तुम्ही सांगता ती हंगामाची कमाई ६०,००० वजा. उरले ७५,०००. फरक चार हजारांचा, तोही पाटल्यांवरचं व्याज आणि नव्या घोड्याचं पाणी जोखण्यात जाईल.

म्हणजे आकडे निकाल देत नाहीत. मग पैसे कसे जातात ते बघा. घोडा घेतला की १,०५,००० एका दिवसात गेले. उपचाराचे पैसे थोडेथोडे जातात आणि मध्येच थांबता येतं. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलंय. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचं घोड्याचं भाडं पुढची पाच वर्षं आजच्याइतकंच मिळेल असं धरून मी तरी पाटल्या गहाण ठेवणार नाही.

माझं मत: बादलला ठेवा, पण सप्टेंबरअखेरपर्यंतच. पावसात नवा घोडाही उभाच राहणार आहे, आणि त्या चार महिन्यांची चंदी तुम्ही दरवर्षी मेच्या कमाईतून बाजूला काढताच. तोवर औषधाचे साधारण बारा हजार जातील. सप्टेंबरची सोनोग्राफी जूनच्या शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा की फाटलेली जागा भरतेय का. नसेल भरत, तर तिथेच थांबा. पुढचे पैसे वाचले आणि नवा घोडा घ्यायला वेळही आहे. मार्गशीर्षात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, एका दलालाच्या भावावर विसंबायचं कारण नाही.

खरी भीती मला वेगळीच आहे. नळीमागची सूज काही आठवड्यांत उतरेल, बादल लंगडायचा थांबेल, आणि दिवाळीच्या गर्दीत वडील म्हणतील, 'आता बरा दिसतोय, दोन फेऱ्या मारू दे.' दुखणं थांबलं तरी तंतू जुळायला महिने लागतात. आधी जो भराव येतो तो कच्चा असतो, म्हणून पहिल्यांदा तबेल्यात विश्रांती, मग हाताला धरून सपाट, टणक वाटेवर पाच-दहा मिनिटं चाल, दर आठवड्याला थोडी वाढवत, आणि दुडकी, म्हणजे हलकी धाव, डॉक्टरांनी सांगितल्यावरच. लाल चिखलात मुळीच चालवू नका, पाय रुततो तेव्हा याच लिगामेंटवर ताण येतो. दिवाळीत पुन्हा फाटलं तर औषधाचे पैसेही गेले आणि दलालाचे पंधरा हजारही.

वडिलांना समजावून हे थांबणार नाही, घरात पैसा असेल तरच थांबेल. सत्तर हजारांतले २५,००० डॉक्टरांचे, ३०,००० ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या चंदीचे. ही तीस हजारांची रक्कम आजच वेगळ्या पावतीत टाका आणि पावती आईकडे द्या. उरलेल्या पंधरा हजारांना हात लावू नका.

दुसऱ्या घोड्याचा विमा काढलेला नाही असं तुम्ही लिहिता. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडेही बसतात, आणि २०२४ च्या बदलानंतर हप्त्याचा १५ टक्केच भाग मालकाला भरावा लागतो. बादलच्या या पायाचे पैसे त्यातून मिळणार नाहीत, झालेल्या दुखापतीला विमा नसतो. पण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दुसऱ्या घोड्याच्या विम्याची चौकशी करून या. विचारताना मृत्यूबरोबर कायमचं अपंगत्व धरलंय का, तेही विचारा.

आणि पावसाळ्यात बादलला खाली नेरळला न्यायचा विचार असेल तर दस्तुरीहून टेम्पो करा. घाटउतार चालवत नेऊन भाडं वाचवू नका.