विषय ठरला, पण काम सुरू होत नाही

विषय ठरलेला असतो, मार्गदर्शकांनी होकार दिलेला असतो, संगणकात लेखांचा साठाही झालेला असतो, आणि तरीही संशोधन प्रकल्पाचे काम पुढे सरकत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे पदव्युत्तर विद्यार्थी अलीकडे बरेच दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा प्रकल्प आल्यापासून तर हे प्रमाण वाढल्यासारखे वाटते. ‘मी आळशी आहे का?’ असे बहुतेक जण विचारतात. माझ्या अनुभवात आळस हे कारण क्वचितच निघते.

समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून देते. ती बीड जिल्ह्यातील. आई-वडील दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणारे, आणि ती आजीजवळ राहून शिकलेली. प्रकल्पाचा विषय होता ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’. डिसेंबरमध्ये ती आली तेव्हा झोप उडालेली होती आणि मार्गदर्शकांचा फोनही ती उचलत नव्हती. सोबत आणलेल्या सुबक वेळापत्रकात जानेवारीपुढे लिहिले होते, ‘गावात कामगारांच्या मुलाखती’.

साखर कारखान्यांचा ऊस गाळण्याचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे जानेवारीत ही माणसे गावात नसतात, हे तिच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? तरीही ते लिहिले गेले, कारण वेळापत्रक एका सीनियरच्या प्रकल्पावरून उतरवलेले होते. नियोजन म्हणून विद्यार्थी जे दाखवतात, त्यातले पुष्कळसे असेच उसने असते.

मी तिला प्रकल्पात जे जे यायला हवे असे वाटते ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगितले. कोयत्यामागे (म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे) मिळणारी उचल (आगाऊ रक्कम), मुकादमाचा (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा) हिशेब, फडातले अपघात, पालावरचे (तात्पुरत्या झोपड्यांवरचे) पाणी, मुलींची लवकर होणारी लग्ने, मुलांच्या शाळा, बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया, अशी टेबलावर जागा उरेना. मग प्रत्येक चिठ्ठीला तीनच प्रश्न विचारले : हे तुला कोण सांगेल, तो माणूस किंवा ते कागद कुठे असतील, आणि कोणत्या महिन्यात? उचलीचा हिशेब सांगणारे मजूर आणि मुकादम दोघेही तेव्हा कारखान्यावर होते. शस्त्रक्रियांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. एका सत्रात, वैद्यकीय कागदपत्रांशिवाय, एकटीने तो विषय हाताळणे त्या बायकांनाही न्याय देणारे ठरले नसते.

एक चिठ्ठी मात्र ती काही केल्या बाजूला ठेवेना. तिच्यावर लिहिले होते, ‘आईची कंबर’. ‘मॅडम, हे वगळले तर मी घरच्यांचे काय लिहिले म्हणायचे?’ ती म्हणाली. काम अडले होते ते येथे. जवळचा विषय घेणाऱ्यांना काहीही सोडताना अपराधी वाटते, म्हणून विषय पसरत जातो आणि सुरुवात करायला जागाच राहत नाही. मी तिला सांगितले, ‘तुझा प्रकल्प म्हणजे तुझ्या आईची कैफियत नव्हे; ती तू आयुष्यभर मांडू शकतेस. एप्रिलपर्यंत फक्त एका प्रश्नाचे उत्तर दे.’ हे तिला लगेच पटले नाही. त्यावर आम्ही पुन्हा बोललो.

अखेर जानेवारीत गावातच सापडणारी गोष्ट उरली : आई-वडील तोडीला गेल्यावर आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांची शाळेतील हजेरी टिकते का? हजेरीपत्रके शाळेत होती, आजी-आजोबा घरी होते. दोन जिल्हा परिषद शाळा निवडून ऑगस्ट-सप्टेंबरची हजेरी जानेवारीच्या हजेरीशी ताडून पाहायची, असे ठरले. पालक दूर असताना लहान मुलांची संमती घेणे योग्य नाही, म्हणून मुलांशी थेट बोलायचे नाही आणि कोणाचेही नाव नोंदवायचे नाही, हे मार्गदर्शकांनी सुचवले. मुख्याध्यापकांसाठी विभागाचे पत्र आधी काढून ठेवले. पत्राविना गेलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून रिकाम्या हाताने परतावे लागते.

त्यानंतर तारखा शेवटाकडून मांडल्या. एप्रिलअखेर सादरीकरण, त्याआधी छपाई, बांधणी आणि साहित्यचौर्य तपासणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तपासणीला वेळ लागतोच. शिवाय तिचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, आणि तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, हे वेळापत्रकात कोणीच धरत नाही. त्यामुळे लेखन मार्चमध्ये संपायला हवे आणि माहिती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हाती यायला हवी, असा हिशेब निघाला. हे सारे एका पानावर घेऊन ती मार्गदर्शकांकडे गेली. दोन महिने फोन न उचलल्याबद्दल ते रागावतील या भीतीने तिने एक आठवडा घालवला. प्रत्यक्षात त्यांनी शीर्षकातला ‘समस्या’ हा शब्द काढायला लावला आणि पानावर सही केली.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी मजुरी आणि उचलीचा भाग का नाही, असे विचारले. तिने कामगार गावात कोणत्या महिन्यांत असतात ते सांगितले, आणि ती माहिती मे महिन्यातच विश्वासाने मिळू शकते, असे उत्तर दिले.