‘पद रिक्त नाही’ असं उत्तर आलं असेल तर आधी नियोजनाचा (शिक्षकाला तात्पुरतं दुसऱ्या शाळेत पाठवण्याचा) आदेश मागा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. कर्नाटकातल्या निपाणीकडची सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी, कागदावर चार शिक्षक आणि प्रत्यक्षात तिघं. आमदारांच्या मागं लागून तुम्ही हिवाळी अधिवेशनात प्रश्न द्यायला लावला आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं की त्या शाळेत एकही पद रिक्त नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेला हुबेहूब हेच उत्तर आलं होतं. तेव्हा आम्हाला सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी वकील नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. एसडीएमसीत, म्हणजे पालकांच्या शाळा समितीत, काही वर्षं होतो, तेवढाच अनुभव. नियम बदलत असतात. शिवाय शिक्षण खात्याच्या हिशेबात तुमचा भाग चिकोडी जिल्ह्यात येतो आणि आमचा बेळगाव जिल्ह्यात, त्यामुळं तिकडची पद्धत थोडी वेगळी असली तर तिथल्या जाणत्या माणसाचं ऐका. ठराव, निवेदन, पोच हे सगळं तुम्ही केलेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही.

मुद्दा असा की उत्तर मंत्र्यांच्या नावानं येतं, पण ते तयार होतं तालुक्यात. आमदारांचा प्रश्न विधानसभा सचिवालयातून खात्याकडं जातो, तिथून आयुक्तालय, मग डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण अधिकारी), मग बीईओ (तालुक्याचे शिक्षण अधिकारी). वरून आलेल्या पत्रावर अधिवेशनाचा आणि अत्यंत तातडीचा शेरा असतो. मग तालुक्याचा केस वर्कर, म्हणजे फाईल सांभाळणारा कारकून, पगाराचा तक्ता उघडतो आणि कुठल्या शाळेवर किती जणांचा पगार निघतो तेवढं बघतो. चार मंजूर, चार भरलेली, रिक्त शून्य. शाळेत कुणी फोनसुद्धा करत नाही. तोच आकडा पायरी पायरीनं बेंगळूरला चढतो आणि बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये (विधिमंडळाची इथली इमारत) सभागृहापुढं ठेवला जातो.

आमच्याकडं झालं ते असं. शाळेतल्या एक बाई तात्पुरत्या नियोजनावर शहराजवळच्या शाळेत गेल्या. आमची वाट जंगलातली, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की बस बंद. बाईंची अडचण खरी होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण पद आमच्या शाळेवर राहिलं, पगारही आमच्याच शाळेवर निघत राहिला. हजेरी पुस्तकात त्यांच्या नावापुढं ओळभर लाल शाईनं ‘नियोजन’ लिहिलेलं असायचं, महिन्यामागून महिने. खरी मेख पुढंच आहे. अतिथी शिक्षक (मानधनावरचा तात्पुरता शिक्षक) मिळतो तो रिक्त पदावर. पद भरलेलं दिसतं, म्हणून अतिथी शिक्षकही नाही. बाई गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी येण्याचा रस्ताही बंद झाला. चौथीपासून वरचे सगळे वर्ग एका मास्तरांच्या गळ्यात पडले. तेही बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला गेले की व्हरांड्यात मोठी पोरं लहान पोरांना पाढे सांगत बसायची.

तालुक्यातल्या त्या कार्यालयाचं नाव मी इथं घेत नाही. पण आमचं त्यांनी जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलं नाही, कारण त्यांना सगळं माहीत होतं. नियोजनाच्या आदेशावर शिक्का त्यांचाच. आम्ही प्रत मागितली तर आधी सांगितलं की आदेश तोंडी आहे. मग म्हणाले, फाईल वर गेली आहे. एकदा तर मराठीत आहे म्हणून अर्जच परत केला. कारण लेखी द्या म्हटलं तर साहेब मीटिंगला गेलेत, नंतर या. आणि विधानसभेची माहिती मागवली तेव्हा त्याच टेबलावरून ‘खाली हुद्दे इल्ल’, म्हणजे रिक्त पद नाही, असं लिहून गेलं. त्या केस वर्करच्या मागच्या भिंतीवर तालुक्यातल्या शाळांचा नकाशा होता, त्यात आमच्या गावाचा ठिपकाही होता. त्या खोलीत जाऊन उभं राहायचं म्हटलं तरी अजून डोकं तापतं. एका वर्गाचं अख्खं वर्ष गेलं हो, आणि लिहिणाऱ्याला साधी नोटीस नाही.

आता तुमच्या उत्तराचा कागद पुन्हा बघा. डावीकडं प्रश्न, उजवीकडं उत्तर, आणि अ, आ, इ अशी पोटकलमं. ‘अ’मध्ये विचारलेलं असतं की अमुक शाळेत पदं रिक्त असल्याचं सरकारच्या लक्षात आलं आहे का. उत्तर येतं, नाही. मग ‘आ’ला आणि ‘इ’ला एकच शब्द, ‘उद्भविसुवुदिल्ल’, म्हणजे प्रश्न उद्भवत नाही. पहिलं दार बंद झालं की मागची सगळी आपोआप बंद. आमदारांच्या कचेरीत प्रश्न याच साच्यात लिहितात, कारण तो तयार असतो. तो साचा मोडायला सांगा.

हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न देऊच नका. तक्ता मागा. अमुक तारखेला तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मंजूर पदं किती, त्यावर नेमणूक असलेले किती, त्यांपैकी त्याच शाळेत प्रत्यक्ष शिकवणारे किती, नियोजनावर बाहेर किती, कुठल्या तारखेपासून, कुणाच्या कितव्या क्रमांकाच्या आदेशानं, आणि त्यांच्या जागी अतिथी शिक्षक दिला की नाही. पूर्ण तालुक्याचा तक्ता मागण्याचं कारण आहे. एकट्या शाळेचं नाव घेतलं की खातं त्या मुख्याध्यापकांना धरतं आणि गावात वितुष्ट येतं. शिक्षिकेचं नाव तर अजिबात घालू नका, पदनाम पुरे.

प्रश्न देण्याआधी कागद हातात पाहिजे. माहिती अधिकारात नियोजनाच्या आदेशाची प्रत आणि हजेरी पुस्तकाच्या त्या महिन्यांच्या पानांची प्रत मागा. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन गोष्टींचे दोन अर्ज करा. नाहीतर त्याच कारणानं परत येतो. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस, आणि मुदत उलटली की वाट न बघता पहिलं अपील. ‘असं का केलं’ हे विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. आमच्याकडं आदेशाची प्रत अपिलानंतरच आली, आणि ‘तोंडी’ म्हणून सांगितलेला आदेश चांगला टाईप केलेला, जावक क्रमांकासह होता. तो आमदारांच्या हातात गेल्यावर कुठं हालचाल झाली. बाई परत आल्या नाहीत, पण अतिथी शिक्षक मिळाला, तोही पुढच्या वर्षी.

सोबत पटसंख्या जोडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, असं स्पष्ट आहे. आणि सॅट्समधली (विद्यार्थ्यांच्या ऑनलाईन नोंदीतली) नोंद स्वतः तपासा. तिथं दोन-चार मुलं चढवायची राहिली तर शाळेचा शिक्षक ‘हेच्चुवरी’, म्हणजे जादा, ठरतो आणि कौन्सेलिंगमध्ये (बदल्यांच्या वेळी) उचलला जातो, मग मात्र पद खरोखरच जातं.

भाषेबद्दल माझं मत काहींना पटणार नाही. घटनेच्या 350 व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, त्यामुळं गाऱ्हाण्याचा मराठी अर्ज नाकारता येत नाही, आणि अर्जात तो कलम क्रमांक जरूर घाला. पण खाली कन्नड प्रतही जोडा. तुमचा अर्ज वाचणारा केस वर्कर कन्नडमध्येच टिपण लिहिणार आहे, ते त्याच्या मनानं लिहिण्यापेक्षा तुमच्या शब्दांत जाऊ दे. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो आपल्या जागी. तिसरीतल्या पोराला मात्र मास्तर या जूनमध्ये पाहिजे. 2018 आणि 2023 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, म्हणून काही गावांनी विधानसभेकडं जायचंच सोडून दिलंय. ते चूक आहे असं मला वाटतं. मत कुणालाही दिलेलं असो, जो निवडून आलाय त्याच्याकडून प्रश्न लावून घ्यायचा.

आमदार दाद देत नसतील तर विधान परिषद आहे. तिथंही प्रश्नोत्तरं होतात आणि 75 च सदस्य असल्यामुळं प्रश्न लागण्याची शक्यता मला तरी बरी वाटते. शिक्षक मतदारसंघाचे सदस्य या विषयात मुरलेले असतात, पण शिक्षकांची नियोजनं हा त्यांच्याच मतदारांचा विषय, तिथं जरा अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा स्थानिक संस्थांच्या मतदारसंघाचे सदस्य गाठा. त्यांचे मतदार म्हणजे तुमच्याच ग्रामपंचायतीचे सदस्य. चार पंचायतींच्या सदस्यांनी मिळून सहीचं पत्र दिलं तर ते टाळलं जात नाही.

वेळेकडं लक्ष ठेवा. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन हलग्याला (सुवर्णसौध तिथंच आहे) गेलात तर तारांकित प्रश्नाची (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नाची) सूचना द्यायची वेळ कधीच टळलेली असते, फार तर शून्य वेळेत उल्लेख होतो. अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याआधीच मसुदा आमदारांच्या पीएच्या हातात पाहिजे. जवळच्या बस्तवाड-कोंडसकोपच्या आंदोलनाच्या तंबूत धरणं धरायचं असेल तर धरा, पण तिथं मंत्री येतात, निवेदन घेतात, फोटो होतो आणि कामकाजात नोंद काहीच राहत नाही. तारांकित प्रश्न लागला तर उपप्रश्न विचारता येतो, आणि त्या उपप्रश्नाच्या उत्तरात मंत्री ‘करू’ म्हणाले की ते आश्वासन ठरतं. आश्वासनं पूर्ण झाली का हे बघायला विधिमंडळाची वेगळी समिती असते. तारीख आणि प्रश्न क्रमांक घालून तिला पत्र लिहा. आधीचं उत्तर चुकीचं होतं हे कागदानं दाखवता येत असेल तर आमदारांना अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचनाही देता येते. हक्कभंगाची भाषा सुरुवातीलाच करू नका, सगळं खातं कवाडं लावून घेतं.

तुम्ही शेवटी पीएचसीबद्दल (प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल) एक ओळ लिहिली आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात म्हणून. तिथंही हाच प्रकार असणार. डॉक्टरांचं पद भरलेलं, आणि बाकीचे दिवस ते तालुका इस्पितळात नियोजनावर. म्हणून तिथंही पद विचारू नका, महिन्यातले प्रत्यक्ष हजेरीचे दिवस विचारा, ओपीडी रजिस्टरची पानं मागा. सपाटीवर 30,000 लोकांमागं एक केंद्र आणि डोंगराळ भागात 20,000 मागं एक, हा निकष कणकुंबी-जांबोटीच्या जंगलातल्या गावांना पुरत नाही, कारण तिथं माणसं थोडी आणि अंतरं मोठी. पेशंटला पाळण्यात घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणणारी गावं आमच्या तालुक्यात आहेत. सभागृहात आरोग्यावर रान उठतं ते माणसं गेल्यावर. नोव्हेंबर 2024 मध्ये बळ्ळारीत सिझेरियननंतर बाळंतिणी दगावल्या, तेव्हा सलाईनच्या दर्जाचा विषय डिसेंबरच्या बेळगाव अधिवेशनात गाजला, गाजायलाच पाहिजे होता. पण डॉक्टर नसलेल्या केंद्राचा तक्ता त्याच्या वर्षभर आधी कुणी मागत नाही.

पैशाचंही थोडं. 2025-26 चा राज्याचा अर्थसंकल्प 4,09,549 कोटींचा, त्यात शिक्षणाला 45,286 कोटी आणि आरोग्याला 17,473 कोटी. गॅरंटी योजनांना (गृहलक्ष्मीसारख्या सरकारी मदतीच्या योजनांना) 51,034 कोटी, आणि सभागृहातला निम्मा वेळ त्याच भांडणात जातो. आमच्या घरात गृहलक्ष्मीचे 2,000 येतात, त्याला माझा विरोध नाही. पण खर्चाचा प्रश्न द्यायचा असेल तर कोटींचा देऊ नका. तालुक्यातल्या शाळादुरुस्तीला मंजूर किती, सोडलेले किती, खर्च किती, आणि कुठल्या शाळेवर, हे चार रकाने मागा. मंजूर आणि सोडलेले यांच्यातच सगळा फरक असतो. हिवाळी अधिवेशनात पुरवणी अंदाजपत्रक येतं, तेव्हा हे विचारायला चांगली संधी असते.

नव्या प्रश्नाचा मसुदा तयार झाला की इथं टाका, शाळेचं नाव आणि फोन नंबर काढून. मी बघतो, आणि बिदर-भालकीकडचे एक-दोघं जाणते इथं आहेत तेही बघतील. कन्नड प्रत करायला माणूस मिळत नसेल तर सांगा, आमच्या गावचा एक मुलगा डिग्रीला आहे, तो करून देईल. त्याआधी हजेरी पुस्तकाचा अर्ज तेवढा याच आठवड्यात घाला, 30 दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.