उत्तर संपल्यावर पॅनेल गप्प होतं तेव्हा

‘उत्तर येत असतं, पण समोरचे गप्प होऊन लिहायला लागले की मी बोलतच सुटते आणि चांगलं झालेलं उत्तर स्वतःच बिघडवते’ हे नोकरीच्या मुलाखतीबद्दलचं तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. नेमकी हीच चूक मला सगळ्यात महागात पडली आहे. कपडे, कागदपत्रं, वेळेवर पोहोचणं यावर काही सांगत नाही, ते तुम्ही करतच असणार.

ती शांतता कुठून येते ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि प्रत्येक उत्तराचे गुण तिथल्या तिथे मांडतात. तुमचं बोलणं थांबलं की त्यांचं लिहिणं सुरू होतं. मान डोलावून कुणाला इशारा जाऊ नये म्हणून चेहराही कोरा ठेवतात. आपल्याला मात्र वाटतं, उत्तर पटलं नाही. मग ‘म्हणजे नेहमीच तसं होतं असं नाही’, ‘तसं त्यात माझं फार काही नव्हतं’ अशी शेपटं जोडली जातात, आणि तीही कागदावर उतरतात.

घाबरण्यात तुमचा दोष नाही. माणसावर ताण आणून त्याचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळेत एक चाचणी वापरतात, जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेली. तिचा मुख्य भाग म्हणजे नोकरीची लुटुपुटूची मुलाखत! कोऱ्या चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर ५ मिनिटं बोलायचं, आणि मध्येच थांबलात तर ते मुद्दाम काही वेळ गप्प बसतात. शांततेनेही ताण वाढतो, हे त्या संशोधकांना ठाऊक आहे. म्हणून ‘एक सेकंदही रिकामा जाऊ देऊ नका’ असं शिकवणाऱ्या मार्गदर्शन वर्गांचा मला मनापासून राग येतो. आधीच घाबरलेल्या माणसाला ते आणखी बोलायला लावतात.

करायचं ते असं. प्रत्येक उत्तराचं फक्त शेवटचं वाक्य पक्कं ठरवा, शक्यतो कामाचा परिणाम सांगणारं. बाकीच्या भागाचे तीन-चार शब्द लक्षात ठेवले की झालं. सगळं उत्तर पाठ केलंत तर प्रश्न जरा फिरवून आला की साखळी तुटते. शेवटचं वाक्य आवाज खाली आणत संपवा, ओठ मिटा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. तोंड मिटलेलं असलं की शेपूट जोडता येत नाही, इतका साधा उपाय आहे हा. असे दोन श्वास म्हणजे साधारण १५-२० सेकंद. तरीही कुणी बोललं नाही तर ‘यातलं काही सविस्तर सांगू का?’ एवढंच विचारा आणि पुन्हा थांबा.

याचा सराव आरशासमोर होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ओळखीतल्या कुणाला तरी बसवा. प्रत्येक उत्तरानंतर त्यांनी मान खाली घालून १५ सेकंद काहीतरी लिहायचं, हसायचं नाही, ‘हं’ म्हणायचं नाही. सहा प्रश्न, एक दिवसाआड, तीन वेळा. फोनवर रेकॉर्ड करून ऐका: उत्तर खरं कुठे संपलं आणि तुम्ही कुठे थांबलात? मधला भाग छाटायचा.

बाहेर थांबलेलं असताना ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. भराभर खोल श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. आत घेताना ४ अंक, सोडताना ६, पाच मिनिटं. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. हात थरथरत असतील तर सुटा कागद धरू नका, त्याच्या टोकाला थरथर मोठी दिसते. जाड फाइल घ्या. आणि त्या दिवशी कॉफी नेहमीपेक्षा जास्त नको.

मी डॉक्टर नाही. धडधड थांबवणाऱ्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. प्रोप्रानोलॉलसारखं औषध दमा असलेल्याला धोक्याचं ठरू शकतं. मुलाखतीच्या कितीतरी दिवस आधीपासून झोप उडत असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा, वरचे उपाय त्याला पुरे पडणार नाहीत.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे तिथली शांतता आणखी लांब वाटते. स्वतःचा चेहरा पडद्यावरून लपवा आणि तेच दोन श्वास मोजा.