बसऱ्याच्या स्मारकावर पणजोबांचं नाव

प्रश्न : माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात गेले, असं घरात सांगतात. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही, आणि हे लिहिताना मला संताप येतो. २७ मार्च १९२९ रोजी खुल्या झालेल्या या स्मारकात मेसोपोटेमियात कामी आलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची. आपल्या शिपायांच्या वाट्याला पलटणीगणिक एक आकडा आला! हा भेदभाव होता, हे युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये कबूल करून माफी मागितली.

स्मारक मूळ जागी, शत्त-अल-अरब नदीच्या काठावरच्या माकिल गोदीत, राहिलेलं नाही. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर हलवलं गेलं.

तरी शोध सोडू नका. कमिशनच्या संकेतस्थळावर शिपायांच्याही नोंदी आहेत. आडनावाने सापडलं नाही, तरी थांबू नका. पहिलं नाव, पलटण आणि मृत्यूचं साल घालून पाहा. घरात पदक असेल तर त्याची कड नीट पुसा. तिच्यावर शिपाई क्रमांक कोरलेला असतो, तोच खरा पुरावा.