गेन्जो काईफुकु म्हणजे घर नवं करून द्यायचं का?

तू विचारलंयस की टोकियोच्या फ्लॅटच्या करारात 'गेन्जो काईफुकु' असं आलंय, डिक्शनरीत अर्थ 'पूर्वस्थितीत आणणे', मग सोडताना अख्खं घर नव्यासारखं करून द्यायचं का. नाही रे बाबा. शब्दशः घेतलास तर डिपॉझिट म्हणजे शिकिकिन गेलंच समज (रेइकिन, म्हणजे घर दिल्याबद्दल मालकाला आभार म्हणून द्यायचे पैसे, ते तर तसंही परत मिळत नाहीत).

रोजच्या राहण्याने जी झीज होते ती भाड्यातच धरलेली असते, ती मालकाची. 1998 पासून सरकारी गाईडलाईन आहे आणि एप्रिल 2020 पासून तर सिव्हिल कोडच्या कलम 621 मध्येच आलंय. म्हणजे फ्रिजमागे भिंत काळी पडली, सोफ्याच्या पायाचे वळ उमटले, कॅलेंडरची टाचणी टोचली, हे मालकाकडे. स्क्रू मारून भिंतीला भगदाड पाडलंस तर मात्र तुझ्याकडे. आपल्या लोकांचा घोळ होतो फोडणीत, एक्झॉस्ट फॅनवर तेलाचा चिकट थर साचला की 'साफसफाई केली नाही' म्हणून बिल लागतं, त्यामुळे फॅनचा फिल्टर 100 येनच्या दुकानातून आण आणि बदलत राहा, खरंच सांगतोय. वॉलपेपरला तिथे कुरोसु म्हणतात, त्याची किंमत 6 वर्षांत 1 येनवर येते असं धरतात, म्हणजे नवा असताना राहायला गेलास आणि 3 वर्षांनी फाडलास तरी साधारण अर्धेच पैसे, पूर्ण बिल मागितलं तर विचार की हे कसं.

विचारायचं कसं, तर 'उचिवाके ओ मिसेते इतादाकेमासु का', म्हणजे खर्चाचा तपशील दाखवता का. मग एकेका ओळीवर बोट ठेवून 'कोरे वा त्सूजो सोन्मो दे वा नाई देशो का', ही नेहमीची झीज नाही का. आवाज चढवायची गरज पडत नाही, हे दोन शब्द माहीत असलेला भाडेकरू दिसला की समोरचा जरा जपूनच बोलतो.

एक गंमत, फोनवर नुसतं 'गेन्जो' ऐकलंस तर घाई करू नकोस, 'आत्ताची स्थिती' हाही गेन्जोच, कांजी (लिहायची चिनी अक्षरं) फक्त वेगळी. 'गेन्जो वाताशी' म्हणजे घर आहे तसं ताब्यात देणार, अगदी उलटी भानगड.

आणि सही करायच्या आधी 'तोकुयाकु' म्हणजे खास अटींचा भाग शोध, तिथे क्लीनिंगची रक्कम आकड्यात लिहिलेली असेल तर घर कितीही चकचकीत ठेवलंस तरी ती बहुतेक द्यावीच लागते. चावी मिळाली की सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक भिंतीचे तारखेसकट फोटो काढून एजंटला मेल करून टाक.