वांड पोरगा, आगाऊ पोरगी: पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की वागणुकीची तक्रार करणाऱ्या वर्गशिक्षकांच्या चिठ्ठ्या घेऊन पालक थेरपीसाठी माझ्याकडे येऊ लागतात. चिठ्ठ्या बहुतेक मुलग्यांच्या असतात, मुलीची एखादीच. या वेळच्या पालकांच्या पत्रांतही मुलगा-मुलगी असा फरक करण्याचा तोच गोंधळ दिसला, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

मुलगा सहा वर्षांचा आहे. मनासारखं झालं नाही की वस्तू फेकतो, आजीच्या अंगावर धावून जातो. सासूबाई म्हणतात, पोराची जात आहे, मोठा झाला की शहाणा होईल. थांबावं का? (कसबा बावडा)

थांबू नका. हट्ट सगळीच मुलं करतात. पण पाच वर्षांपुढच्या मुलाचं चिडणं, उलटून बोलणं, मुद्दाम न ऐकणं आठवड्यातून एकदा तरी होत असेल आणि सहा महिने टिकलं असेल, तर ते तपासून घ्यायला हवं. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की काही मुलांचा दांडगेपणा फक्त किशोरवयापुरता असतो, पण लहानपणीच सुरू झालेला पुढे टिकण्याचा धोका जास्त. ‘मोठा झाला की शहाणा होईल’ या भरवशावर दोन-तीन वर्षं सहज जातात.

या वयात थेरपीत मुलापेक्षा आईवडिलांनाच जास्त शिकायचं असतं. तो ओरडतो, तुम्ही मोबाईल देता, घर शांत होतं. ओरडलं की मिळतं हे तो शिकतो आणि दिलं की सुटका होते हे तुम्ही शिकता. हा फास सोडवायचा असतो. ‘नीट वाग’ म्हणून काही होत नाही. ‘चपला रॅकमध्ये ठेव’ म्हणा, आणि ठेवल्या की तिथल्या तिथे शाबासकी द्या.

मुलासाठी पुरुष आणि मुलीसाठी बाईच थेरपिस्ट हवी का? (शाहूपुरी)

असा नियम नाही. वयात आलेल्या मुलीनं बाईच हवी म्हटलं, तर तिचं ऐका.

बोटांच्या ठशांवरून स्वभाव कळतो आणि मग मुलाला आणि मुलीला वेगवेगळा कोर्स देतात म्हणे. करावं का? (इचलकरंजी)

करू नका. ठशांवरून स्वभाव, बुद्धी, राग यातलं काहीही कळत नाही, त्याला शास्त्रीय आधार नाही. छापील, रंगीत रिपोर्ट हातात पडला की पालकांना वाटतं तपासणी झाली, आणि खरी तपासणी राहून जाते. थेरपिस्टकडे जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. विचारण्यात संकोच कसला?

मुलगी तेरा वर्षांची. मैत्रिणींना हाताशी धरून वर्गातल्या एकीला एकटं पाडते, ग्रुपमधून काढते, घरी उलट बोलते. शाळेनं दोनदा बोलावलं. घरचे म्हणतात, मुलीला कसली थेरपी, मोबाईल काढून घे. (गडहिंग्लज)

हे पत्र मी दोनदा वाचलं.

मारामारी, तोडफोड, चोरी ही त्रासदायक वागणुकीची ओळख मुख्यतः मुलग्यांकडे बघून ठरली. मुलीचा राग बरेचदा नात्यांतून निघतो: अबोला, अफवा, ‘तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस’. मानसशास्त्रज्ञ निकी क्रिक यांनी १९९५ मध्ये याला आक्रमकताच म्हटलं. इथे काच फुटत नाही, म्हणून कुणी चिठ्ठी पाठवत नाही. मुलगा वांड ठरला की डॉक्टरकडे येतो. मुलगी आगाऊ ठरली की तिचा क्लास बंद होतो, फोन जातो, आणि ती चौदा-पंधराव्या वर्षी माझ्यासमोर येते तेव्हा सोबत नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करणं हे सगळं आलेलं असतं. एप्रिलच्या उन्हात एक मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आली होती. आई तिच्या उद्धटपणाबद्दल बोलत होती आणि ती बाही बोटांपर्यंत ओढत होती. त्या दिवशी उद्धटपणाचा विषय बाजूलाच राहिला.

उपचार मुलीला लागू पडत नाहीत, हा गैरसमज आहे. संशोधनात मुलगेच जास्त होते हे खरं, पण पालक-प्रशिक्षणाचा फायदा मुलींनाही होतो. फरक भर कशावर द्यायचा यात असतो: मैत्रीतलं वागणं, मनातली चिंता, आणि आई-मुलीचं नातं. कॅनडातल्या टोरोंटोत १९९६ मध्ये मुलींसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला, त्यात आई-मुलींचे गटही ठेवले होते. लक्ष न लागणाऱ्या, चंचलपणा न दिसणाऱ्या मुलीतलं एडीएचडी (लक्ष एकवटू न शकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) हेही सहज सुटून जातं. तेही तपासा.

आणि वागणं अचानक बदललं असेल, तर तिच्याशी एकांतात, न रागावता बोला. कुणी त्रास देतंय का, नको तिथे हात लावतंय का, हे विचारा. मुलग्यांनाही विचारा, ते तर आणखीच गप्प बसतात. हातावर कापल्याचे वण दिसले, ‘जगायचं नाही’ असं ऐकू आलं, तर सोमवारची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल, ही भीती मला रोज ऐकू येते. तेराव्या वर्षी मदत मिळालेल्या मुलीचं नाव कशानं खराब होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुलगी आहे म्हणून आईनं जावं, मुलगा असेल तर मी येईन, असं मिस्टर म्हणतात. (कागल)

दोघांनी या. आई नियम लावते आणि वडील रात्री तो मोडतात, अशा घरात सेशनचा उपयोग अर्धाच होतो. दुकान, ऊसतोड, ड्यूटी यातून वेळ काढणं कठीण असतं हे मला माहीत आहे, पण निदान पहिल्या आणि आढाव्याच्या सेशनला या.

रागावर गोळी आहे का? (जयसिंगपूर)

नुसत्या रागावर नाही. एडीएचडी किंवा नैराश्य निघालं तर मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. शेजारच्या मुलाची गोळी आणून देऊ नका.

खाजगीत परवडत नाही. (मंगळवार पेठ)

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. येताना दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेच्या चिठ्ठ्या आणि एका आठवड्याची नोंद आणा: कधी बिनसलं, त्याआधी काय घडलं, नंतर तुम्ही काय केलं.